खुंटीपासून उंबरठ्यापर्यंत

मुक्काम तलावाची पाळ,
लाखनीहून आठ किलोमीटर आत
१२ जानेवारी

आदरणीय भाटवे कैलाशजी,

साळा तेजराम याचे दोन नमस्कार घ्यावे. एक तुम्ही भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान आणि आमच्या घरचे जावई म्हणून, आणि दुसरा वयाने माझ्याहून चार वर्षं मोठे म्हणून. (दुसरा तुम्ही घेणार नाही हे ठाऊक आहे. मोठेपण मान्य केलं की साठी मान्य करावी लागते. पण ती तर खाणीच्या साहेबांनी येत्या एकतीस मार्चची तारीख घालून कागदावर लिहूनच दिली आहे, आता लपवून काय उपयोग.) इकडे सगळे खुशाल. मंदाबाई, म्हणजे माझी बहीण आणि तुमची मालकीण, प्रवासाहून सुखरूप परतली असून संक्रांत झाल्याशिवाय मी तिला सोडणार नाही. तुमचा गुडघा कसा आहे? खोकला गेला का? सध्या स्वतःच्या हाताने रांधता असं ऐकलं. परवाच्या वरणाचं काय झालं ते तुमच्या शेजारच्या सुशीलाबाईंनी फोनवर सविस्तर कळवलं आहे, तेव्हा तुम्ही वेगळं सांगायचे कष्ट घेऊ नका.

तुमचा दूरचा चष्मा सापडत नाही असं म्हणाला होता. उशीखाली बघा, माठावर बघा, खाणीत न्यायच्या डब्याच्या पिशवीत बघा. तशी घाई नाही. तुम्ही तो लावता कधी? मागच्या वर्षी आमच्या डिंपलच्या लग्नात, साकोलीच्या लॉनच्या दारात हात जोडून उभ्या असलेल्या प्लास्टरच्या बाईला तुम्ही नवरदेवाची मावशी समजून 'प्रवास कसा झाला जी' असं तीनदा विचारलंत, आणि ती बोलत नाही म्हणून रुसून पहिल्या पंगतीला बसला नाहीत. तेव्हाही चष्मा खिशातच होता. बत्तीस वर्षं जमिनीखाली काम केलेल्या माणसाला दूरचा चष्मा लागतो हेच मला आधी पटत नव्हतं. खाली दूरचं असतं तरी काय? टोपीवरच्या दिव्याचा उजेड पोचतो तिथपर्यंत जग, त्यापुढे अंधार.

आता कामाचं. निवृत्तीनंतर खाणीचा क्वार्टर सोडावा लागणार, तेव्हा घर घ्यायचं तर समुद्राच्या काठी, असं तुम्ही दिवाळीत जाहीर केलंत. चिखल्याच्या खाणीतल्या माणसाला हे कुठून सुचलं असेल यावर आमच्या तलावाच्या पाळीवर, बांधावर बसून, आठवडाभर चर्चा झाली. मग तुम्ही कोकणातल्या एका इमारतीचं रंगीत पुस्तक आणलंत, त्यावर लाल पेन्सिलीने खुणा केल्या, आणि तुमच्या सुट्ट्या संपल्या म्हणून मला नि मंदाबाईला पाठवलंत. का, तर तेजराम पाण्यातला माणूस, त्याला पाण्याचं कळतं. वर अट घातलीत की फोनवर बडबड नको, पाहणीचा रिपोर्ट लिहून पाठव. तुमच्या खाणीत मेट लोक, म्हणजे मुकादम, रोज लिहितात तसा. मी गेली अकरा वर्षं आमच्या मच्छीमार संस्थेचा सचिव आहे, सभेची इतिवृत्तं लिहून लिहून बोटाला घट्टा पडला आहे. म्हणून हा रिपोर्ट थोडा लांबेल, सांभाळून घ्या. बिल्डरला महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे, तोवर वाचून होईल.

प्रवासाचं फार लिहीत नाही. लाखनीहून नागपूर, नागपूरहून दीड दिवस रेल्वे, मग लाल बस, मग रिक्षा, मग थोडं पायी. रेल्वेत एका गृहस्थांनी विचारलं, लग्नाला चाललात का? म्हटलं, नाही, घर पाहायला. त्यांनी विचारलं, आणि राहता कुठे? मी भंडारा जिल्हा सांगितलं. त्यावर ते वरच्या बर्थवर चढले ते कल्याणलाच खाली उतरले. मंदाबाईने सोबत लाखोळीच्या डाळीचे वडे घेतले होते, त्यांच्या आधारावर आम्ही महाराष्ट्र आडवा पार केला.

इमारतीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच कोणाला वाईट वाटायचं. तीन मजले, पांढरा रंग, गच्चीवर दगडी मासा. बिल्डरचा माणूस टाय लावून हजर होता. आधी मी तुमची पहिली सूचना अमलात आणली. तुम्ही म्हणाला होता, खोलीत पाय टाकण्याआधी छत ठोकून बघ, खाली आम्ही तसंच करतो, पोकळ आवाज आला तर एक क्षण थांबायचं नाही. मी रखवालदाराचा बांबू मागून घेतला आणि दारातूनच छताला तीन ठोके दिले. आवाज भरीव आला. समाधान वाटलं. तेवढ्यात छतातून उलटे तीन ठोके आले.

भाटवे, तुमच्या सूचनांमध्ये छताने उत्तर दिलं तर काय करायचं हे नव्हतं. मी सचिवाच्या आवाजात सगळ्यांना बाहेर काढलं. मंदाबाई, टायवाला, रखवालदार आणि पुतणीसाठी खोली पाहायला आलेल्या एक बाई, असे आम्ही पाचजण अंगणात उभे राहून इमारत पडायची वाट पाहत होतो. पाच मिनिटांनी बनियनवर एक म्हातारे काका खाली आले. वरच्या खोलीत राहतात, बँकेतून निवृत्त. शांतपणे म्हणाले, कोणीतरी खालून ठोकलं, मला वाटलं चहाला बोलावताहेत, म्हणून मी पण ठोकलं. त्या इमारतीत चोवीस घरं आहेत आणि एकवीसांना कुलूप. मालक दिवाळीत चार दिवस येतात, गच्चीवर फोटो काढतात आणि जातात. काकांना दोन वर्षांत कोणी खालून ठोकलं नव्हतं. ते इतके खूश झाले की दिवसभर आमच्या सोबतच फिरले. मंदाबाईने सगळं पाहून टायवाल्याला एकच प्रश्न विचारला, 'का जी, इथं चार मिरच्या मांगाले कोनाकडे जायचं?' त्याने दोन किलोमीटरवरच्या मॉलचं नाव सांगितलं. ती तिथूनच मागे वळली, आणि मी तिला पंचावन्न वर्षं ओळखतो.

आता मुख्य मुद्दा, पाण्यापासूनचं अंतर. पुस्तकात 'समुद्र ऐंशी पावलांवर' असं छापलेलं होतं आणि त्याखाली तुमची लाल पेन्सिल दोनदा फिरलेली. आपली रीत तुम्हाला माहीतच आहे. (चिखल्याला जाऊन विसरला असाल तर आठवण देतो. जाळं सोडून ड्रिल धरलंत तरी तुम्ही मासे मारणाऱ्या ढिवराचाच मुलगा.) तलावाकाठी कोणी घर बांधायला निघाला की पंचांसमोर पाण्याच्या कडेला बांबूची खुंटी गाडायची आणि तिथून उंबरठ्यापर्यंत पावलं मोजायची. शंभराच्या आत आलं तर भिंतीला ओल येते, दोनशेच्या वर गेलं तर ओली जाळी खांद्यावर वाहून माणूस वाकतो. आमच्या शेजारच्या कवडूचं घर मीच मोजलं होतं, एकशेतीस, आजवर भिंतीला पोपडा नाही. तर सकाळी अकरा वाजता मी समुद्राच्या कडेला खुंटी ठोकली, काका आणि एक शहाळेवाला यांना पंच नेमलं आणि मोजत निघालो. तीनशे बारा.

टायवाला म्हणाला, ऐंशी आहेत. मी म्हटलं, मोजून दाखवा. तो म्हणाला, आत्ता नाही, संध्याकाळी मोजू. आता तुम्हीच सांगा, आपल्या तलावावर असं कोणी बोललं असतं तर त्याला पाळीवर उभं केलं असतं का? घर जागचं हलत नाही, पाणीही आपल्या इथे दिवाळीपासून होळीपर्यंत हळूहळू उतरतं, ते कोणी तुडूम उघडलं तरच भरभर उतरतं. मला संशय आलाच. ओली वाळू लांबवर पसरली होती, म्हणजे पाणी नुकतंच गेलं होतं. मी टायवाल्याला सरळ विचारलं की तुडूम कोणी उघडलं आणि कोणाच्या शेताला पाणी चाललं आहे. त्याला तुडूम माहीत नव्हतं. मग वाळूत आकृती काढून समजावलं की पाळीच्या पोटात पाणी सोडायची मोरी असते तिला तुडूम म्हणतात, आणि ते संस्थेला न विचारता उघडलं तर भांडण होतं. तो म्हणाला, काका, हा समुद्र आहे. हे तर मलाही दिसत होतं.

खुंटी तशीच ठेवली, पंचनाम्याचा पुरावा म्हणून. हातात पिशवी होती ती खुंटीला टांगली, चपला खाली काढून ठेवल्या. आपल्याकडे खुंटीला टांगलेली पिशवी चार दिवसांनी पण तिथेच असते, फार तर एखादी बकरी आतलं खाते. मग काकांकडे चहा झाला. त्यांच्या खिडकीचे गज त्यांनी गेल्या वर्षी दोनदा रंगवले होते आणि तरी हात लावला की गंज बोटाला येतो. फ्रिजचा पाय गंजून तो एका विटेवर उभा आहे. मी हे सगळं वहीत टिपून घेतलं, मनातून आनंद होत होता हे कबूल करतो. पाच वाजता आम्ही बाहेर आलो तर वाळू नव्हती. खुंटी नव्हती, पिशवी नव्हती, चपला नव्हत्या. पाणी कंपाउंडच्या भिंतीपाशी येऊन उभं होतं आणि टायवाला तिथून पायऱ्यांकडे मोठ्याने पावलं मोजत चालला होता. अठ्ठ्याहत्तरवर थांबला.

काकांनी मला भरती-ओहोटी समजावून सांगितली. भाटवे, मी अडाणी नाही. सहावीच्या भूगोलात भरती-ओहोटी होती, दोन मार्कांना यायची आणि मी ते दोन मार्क मिळवले होते. पण ते रोज होतं, आणि तेही दोनदा, हे बाईंनी सांगितलेलं आठवत नाही. मला वाटायचं वर्षातून एखादवेळी, जत्रेसारखं. पिशवीत तुमचं लाल खुणांचं पुस्तक होतं, माझी मोजायची दोरी होती, आणि उरलेले चार वडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राने एक चप्पल परत केली. ती माझी नव्हती.

त्या सकाळी मी बाजारात मासळी विकत घेतली, आयुष्यात पहिल्यांदाच, हेही रिपोर्टात यायला हवं. मासळी विकणाऱ्या बाईला सांगितलं की आम्हीही मासे मारणारेच. तिने कौतुकाने विचारलं, तुमचं पाणी किती खोल? मी खरं सांगितलं, पाऊस चांगला झाला तर दीड पुरुष. ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा. दोन बांगडे जास्त टाकले आणि म्हणाली, मग रात्री घरी येत असाल. मी म्हटलं, हो, जेवायच्या वेळेला येतो. तिचा नवरा बारा दिवसांपासून पाण्यावर होता. बांगडा चवीला बरा आहे, पण काट्यापाशी जो चिखलाचा वास मरळ माशाला असतो तो त्याला नाही, आणि तांदूळ तर आपल्या चिन्नोरच्या पासंगालाही पुरत नाही. भात शिजताना शेजाऱ्याला कळत नाही असला तांदूळ काय कामाचा. अर्थात तिथे शेजारीही नाहीत.

तर रिपोर्टाचा निष्कर्ष असा. घर निवडताना शाळा बघतात, दवाखाना बघतात, बस थांबते का बघतात. समुद्र जवळ असणं हा मुद्दा माझ्या मते दगडी माशाच्या नंतर येतो. जे पाणी दिवसातून दोनदा जागा सोडतं, लोखंड खातं, पिशव्या नेतं, ज्याला पाळ नाही, तुडूम नाही, आणि ज्याच्या संस्थेचा सचिव कोण हे कोणालाच ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर साठीतल्या माणसाने दाराला कुलूप लावू नये. सबब घर घेऊ नये. आपला गुडघा सांभाळावा, वरणाखालचा गॅस बारीक ठेवावा, आणि सुशीलाबाईंना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक साळा,
तेजराम

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी मंदाबाईने ते वाचायला मागितलं. वाचून झाल्यावर म्हणाली, 'तेजराम, खरं ते बी लिही.' तर लिहितो. पिशवी गेल्यावर मी ती शोधायला पाण्यात उतरलो होतो. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. मंदाबाईचं म्हणणं असं की पिशवी पाचलाच गेली होती आणि मी सूर्य बुडेपर्यंत आत होतो, आणि तिने तीनदा हाक मारली तेव्हा कुठे वळलो. लाट पायाखालची वाळू ओढून नेते तेव्हा कसं वाटतं ते मला लिहिता येत नाही. इतिवृत्तात तसलं कधी आलं नाही. येताना समुद्राच्या पाण्याची एक बाटली आणली आहे. ती केवळ नमुना म्हणून आणली होती, देवघरात कोणी ठेवली ते मला विचारू नका.

ता. क. दुसरा. आता लिहितोच आहे तर हेही लिहितो. परतीच्या गाडीत मी मंदाबाईला म्हटलं, भाटव्यांना हे वेड कुठून लागलं? ती म्हणाली, 'त्यायनं जलमभर हातभर लांबची भिंत पाह्यली. आता दूरचं पाहाले मांगतात, त काय चुकलं त्यायचं?' भाटवे, इतकी वर्षं मी तुमची थट्टा करत आलो, साळ्याचा तो हक्कच आहे, पण ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. आणि माझीही गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसेल. मला एकच बहीण आहे. चिखल्याला जायला दोन बस बदलाव्या लागतात, तेवढंही मला बत्तीस वर्षं लांब वाटत आलं. दीड दिवसाच्या रेल्वेपलीकडे ती गेली तर मी वर्षातून एकदा जाईन, मग दोन वर्षांतून, मग फोनवरच खुशाली विचारेन. ते मला नको आहे. म्हणून विनंती अशी: माझ्या घराला लागून कवडूची रिकामी जागा आहे, तो द्यायला तयार आहे. मी परवा पंचांसमोर खुंटी गाडून मोजून घेतलं. एकशेचाळीस पावलं. आमची खुंटी आज सकाळीही तिथेच होती. आणि समुद्र दरवर्षी दहा दिवस पाहायला जाऊ, तिघंही, काकांच्या खालच्या खोलीत उतरू. ते ठोक्याची वाट बघत असतील.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. आमच्या तलावाची एक अडचण मी लपवत नाही. त्याला दुसरा काठ आहे. पाळीवर बसलं की पलीकडची मोहाची झाडं दिसतात, रेवताबाईच्या म्हशी दिसतात, त्यातली कोणती लंगडते तेही दिसतं. दूर बघायचं म्हटलं तर नजर तिथे जाऊन अडते, हे खरं. तरी येत्या रविवारी संध्याकाळी या. माझ्यासोबत पाळीवर बसा, सूर्य पाण्याच्या बाजूलाच बुडतो. पलीकडचा काठ तुम्हाला उघड्या डोळ्यांनी दिसला तर महिनाअखेर बिल्डरला होकार कळवा, तुमचं सामान मी स्वतः गाडीत चढवून देईन. आणि वर तीन जागा सांगितल्या तरी चष्मा शोधत बसू नका. तो मंदाबाईच्या पिशवीत आहे. घरून निघतानाच तिने घेतला होता. समुद्रासमोर तो रुमालावर उघडा ठेवून बसली होती, तुम्ही नाही तर निदान तुमच्या चष्म्याने तरी पाहावा म्हणून. मी विचारलं, आता देऊन टाकू का भाटव्यांना, टपालाने पाठवू? ती म्हणाली, नको, रविवारी येतील तेव्हा सूर्य बुडाल्यावर देईन.